'तऽ गाक' : व्हिएतनामी ग्रंथबांधणीतील रक्षकपान – संज्ञा, रचना आणि कार्य

प्रस्तावना :

पक्क्या बांधणीचा कोणताही ग्रंथ उघडला असता वाचकाची पहिली गाठ मजकुराशी पडत नाही. ती पडते एका कोऱ्या किंवा रंगीत कागदाशी. या कागदाचा अर्धा भाग पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला असतो आणि उरलेला अर्धा भाग मोकळे पान म्हणून उलटता येतो. त्यावर पृष्ठांक नसतो, अनुक्रमणिकेत त्याला स्थान नसते आणि वाचक तर ते न पाहताच उलटतो. मराठीत बांधणीचे काम करणारे लोक सामान्यतः त्याला 'एंडपेपर' या इंग्रजी नावानेच ओळखतात. व्हिएतनामी भाषेत मात्र या कागदास 'तऽ गाक' असे स्वतंत्र नाव आहे. 'तऽ' म्हणजे कागदाचा ताव अथवा पान आणि 'गाक' म्हणजे पहारा देणे. पहारा देणारे पान, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

एखाद्या परभाषेतील, तीही एका व्यवसायापुरती मर्यादित असलेली संज्ञा स्वतंत्र विवेचनास पात्र ठरावी काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. तथापि या दोन अक्षरी संज्ञेत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, हा कागद ग्रंथात नेमके कोणते काम करतो याची अचूक जाण; आणि दुसरी, हे तंत्र व्हिएतनाममध्ये कोणत्या वाटेने आले याचा भाषिक पुरावा. ज्याला आपण 'कोरे पान' म्हणून गणतीतही धरत नाही, ते वस्तुतः ग्रंथाचा सांधा असते. व्हिएतनामी नाव ते पान काय करते हे सांगते, म्हणून ते विचारात घेण्याजोगे आहे.

(येथे व्हिएतनामी शब्द उत्तरेकडील उच्चारास जवळ जातील अशा रीतीने देवनागरीत लिहिले आहेत. ही भाषा स्वरांच्या चढ-उतारावर अर्थभेद करते. 'तऽ' हा उतरत्या आणि 'गाक' हा चढत्या स्वरात उच्चारला जातो. देवनागरीत हा भेद दाखवण्याची सोय नाही.)

संज्ञेचे दोन घटक :

'तऽ' हा व्हिएतनामी भाषेत पातळ, सपाट व सुट्या वस्तूंसाठी वापरला जाणारा शब्द आहे. वर्तमानपत्र, चलनी नोट, कागदाचा ताव या सर्वांची मोजणी 'तऽ' या शब्दाने होते. पुस्तकाच्या पृष्ठाला मात्र 'चांग' हा वेगळा शब्द आहे. रक्षकपानासाठी 'चांग' न वापरता 'तऽ' वापरला जातो, हे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. कारण रक्षकपान हे पृष्ठ नव्हे. तो मध्यावर एकदा घडी घातलेला अखंड ताव असतो. त्याची दोन पाने व चार बाजू होतात, परंतु तो तोडला तर त्याचे कामच संपते. प्रत्येक पक्क्या बांधणीच्या ग्रंथात असे दोन ताव असतात, एक पुढे व एक मागे.

'गाक' या शब्दाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. आजच्या व्हिएतनामी भाषेत 'गाक' या एकाच उच्चाराचे निदान तीन अर्थ प्रचलित आहेत. पहिला अर्थ माडी अथवा पोटमाळा. हा चिनी उगमाचा शब्द असून तो या भाषेत 'काक' या हान-व्हिएतनामी रूपातही आढळतो. दुसरा अर्थ एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूवर टेकवून ठेवणे, जसे स्टुलावर पाय टेकवणे. तिसरा अर्थ पहारा देणे. पहारेकऱ्यास 'लिन्ह गाक' म्हणतात आणि द्वारपालास 'गाक कोंग'. रक्षकपानाच्या नावात हा तिसरा अर्थ आहे. या अर्थाचा 'गाक' हा फ्रेंच 'गार्द' या शब्दापासून आला असल्याचे सामान्यतः मानले जाते.

'टेकवून ठेवलेले पान' अशी व्युत्पत्तीही वरवर पाहता पटण्यासारखी आहे, कारण हा ताव खरोखरच गठ्ठ्यावर व पुठ्ठ्यावर टेकवलेला असतो. परंतु फ्रेंच बांधणीकारांच्या परिभाषेत याच कागदाला 'गार्द' हेच नाव आहे. पुठ्ठ्याला चिकटलेल्या अर्ध्या भागास ते 'कोंत्र-गार्द' म्हणतात आणि मोकळ्या पानास 'गार्द व्होलांत', म्हणजे फडफडणारी गार्द. ज्या व्यवसायाची परिभाषा फ्रेंचांकडून आली, त्या व्यवसायात याच वस्तूचे याच ध्वनीचे नाव असणे हा योगायोग मानता येत नाही. म्हणून पहाऱ्याची व्युत्पत्तीच ग्राह्य धरावी लागते.

फ्रेंच 'गार्द' व्हिएतनामी भाषेत अनेक वाटांनी शिरला. सायकलच्या चाकावरील चिखल अडवणाऱ्या पत्र्यास फ्रेंचमध्ये 'गार्द-बू' म्हणतात. व्हिएतनाममध्ये त्याचे 'गाक-दऽ-बू' झाले. मराठीतील 'मडगार्ड' हा याच पत्र्याचा याच धातूवरून आलेला शब्द आहे, कारण इंग्रजी 'गार्ड'ही जुन्या फ्रेंचमधूनच आलेला आहे. हनोईतील सायकलस्वार आणि साताऱ्यातील सायकलस्वार या बाबतीत एकाच शब्दकुळातील आहेत. फरक इतकाच की, मराठीत हा शब्द रेल्वेच्या डब्यापर्यंत आणि सायकलच्या चाकापर्यंत पोहोचला, पुस्तकाच्या पुठ्ठ्यापर्यंत पोहोचला नाही.

नावे ठेवण्याच्या तऱ्हा :

वेगवेगळ्या भाषांनी या एकाच कागदाला दिलेली नावे शेजारी ठेवून पाहिली असता त्या त्या परंपरेचा दृष्टिकोन लक्षात येतो. इंग्रजी नाव स्थानावरून आहे : शेवटचा कागद. जर्मन 'फोरझात्झ' हेही स्थानावरूनच, म्हणजे पुढे बसवलेला. जपानी 'मिकाएशी' या शब्दात मागे वळून पाहण्याची क्रिया आहे. चिनी 'ह्वानछन' मध्ये अस्तराची कल्पना आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज 'ग्वार्दास' आणि फ्रेंच 'गार्द' मात्र रक्षणाच्या कार्यावर बोट ठेवतात. व्हिएतनामी संज्ञा या शेवटच्या गटात बसते.

यातील लक्षणीय बाब अशी की, व्हिएतनामी भाषेच्या विद्वत्परिभाषेचा फार मोठा भाग चिनी उगमाचा आहे. साहित्य, इतिहास, प्रशासन, शिक्षण या क्षेत्रांतील शब्द मुख्यतः त्याच भांडारातून आले. अस्तरासाठीही या भाषेत 'लोत' हा रोजच्या वापरातील शब्द उपलब्ध आहे. असे असूनही या कागदासाठी चिनी नाव स्वीकारले गेले नाही, आणि 'अस्तराचे पान' असेही नाव रूढ झाले नाही. शब्द त्या दारातून आला, ज्या दारातून वस्तू आली.

ग्रंथाच्या इतर अवयवांची नावे या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहेत. ग्रंथाच्या कण्याला व्हिएतनामी भाषेत 'गय' म्हणतात. याचा मूळ अर्थ मानेचा मागचा भाग, मानगूट. शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याला 'रुओत' म्हणतात. याचा अर्थ आतडी. घडी घातलेल्या छापील फर्म्याला 'तय' म्हणतात. याचा अर्थ हात. मानगूट, आतडी आणि हात असा हा सगळा देहच आहे आणि ही नावे अस्सल देशी आहेत. या देहाच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी तेवढा परदेशी नावाचा आहे. कारण ज्या ग्रंथाला पहारेकऱ्याची गरज नव्हती, असा ग्रंथ व्हिएतनाममध्ये कित्येक शतके होता.

पहारेकऱ्यावाचून असलेला ग्रंथ :

व्हिएतनामचा पारंपरिक ग्रंथ 'झो' नावाच्या कागदावर छापला अथवा लिहिला जाई. झो वृक्षाच्या सालीच्या आतील थरापासून हा कागद तयार होतो. ज्या कुळातील झुडपांपासून नेपाळचा लोकता कागद होतो, त्याच कुळातील हा वृक्ष आहे. लांब व चिवट तंतू, हलके वजन आणि ओलावा सोसण्याची क्षमता ही या कागदाची वैशिष्ट्ये. हनोईच्या पश्चिम सरोवराजवळील येन थाइ हे गाव या कागदासाठी प्रसिद्ध होते. लाकडी ठसे कोरण्याच्या कामासाठी लिएउ चांग व होंग लुक ही गावे ख्यातनाम होती. ही गावे पूर्वीच्या हाइ झुओंग प्रांतातील असून, २०२५ च्या पुनर्रचनेत तो प्रांत हाइ फोंगमध्ये विलीन झाला. पंधराव्या शतकातील विद्वान लुओंग न्यू होक याला तेथील कारागीर आपल्या कलेचा आद्य पुरुष मानत आले आहेत. न्गुएन राजवटीचे चौतीस हजारांहून अधिक लाकडी ठसे आज दा लात येथे जतन केलेले आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला.

या ग्रंथाची रचना येथे महत्त्वाची आहे. कागद एकाच बाजूने छापला जाई. छापील बाजू बाहेर राहील अशी त्याची मध्यावर घडी घालत. घडीची कड वाचकाच्या बाजूस येई आणि मोकळ्या कडा दुसऱ्या बाजूस एकत्र करून तेथे भोके पाडून दोऱ्याने अथवा कागदाच्याच पिळाने बांधत. म्हणजे शिवण घडीतून न जाता गठ्ठ्याच्या कडेतून आरपार जाई. आवरणही त्याच शिवणीत घेतले जाई. यामुळे आवरण व गठ्ठा यांना जोडणाऱ्या वेगळ्या सांध्याची गरजच उरत नसे; दोरा हाच सांधा. शिवाय हा ग्रंथ फळीवर उभा न ठेवता आडवा ठेवला जाई, त्यामुळे त्याचे वजन शिवणीवर लटकत नसे.

रक्षणाची व्यवस्था आवरणातच होती. झो कागदाचे अनेक थर एकमेकांवर चिकटवून त्यांवर 'कय' या फळाचा रस चढवत. हे फळ टेंभुर्णीच्या व जपानी फळाच्या (पर्सिमॉन) कुळातील असून त्याच्या कच्च्या फळाचा रस तुरट व चिकट असतो. वाळल्यावर तो तपकिरी होतो आणि कागदास पाणी व कीड यांपासून वाचवतो. हाच रस कागदी पंख्यांनाही लावला जाई. जुन्या हान व नोम ग्रंथांची ती गडद तपकिरी, किंचित ताठ आवरणे या रसाचीच आहेत.

पूर्व आशियाई ग्रंथपरंपरेत रक्षकपान मुळीच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. चिनी ग्रंथांत आवरणाच्या आत कोरी पाने घालण्याची पद्धत होती. मिंग व छिंग काळात दक्षिण चीनमधील ग्वांगतुंग प्रांतात तर 'वाननियनहुंग', म्हणजे दहा हजार वर्षे टिकणारा लाल, या नावाचा कागद याच कामासाठी तयार होई. त्यावर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या लाल ऑक्साइडचा लेप असे. ग्रंथाच्या आरंभी व शेवटी हा नारिंगी कागद घातला की कसर मजकुरापर्यंत पोहोचत नसे. तीनशे वर्षांनंतरही असे ग्रंथ कीडविरहित आढळतात. कागद विषारी असतो, ही गोष्ट वेगळी. तो हाताळणाऱ्याने हात धुवावेत हे उत्तम. परंतु हे रक्षण रासायनिक होते. त्या कागदावर कोणताही भार नव्हता आणि तो काढला तरी ग्रंथ सुटून आला नसता. 'तऽ गाक' ची जबाबदारी याहून वेगळी आहे.

नवा ग्रंथ, नवी फळी :

व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत सतराव्या शतकात पोर्तुगीज आश्रयाखालील जेझुइट मिशनऱ्यांनी घडवली. आलेक्सांद्र द रोद याचा व्हिएतनामी–पोर्तुगीज–लॅटिन कोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. हा रोद पूर्वेकडे जाताना गोव्यात राहिला होता. त्याच्या काही वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण गोव्यातच रोमन लिपीत छापले गेले होते. एकाच मिशनरी वर्तुळातून दोन आशियाई भाषांना रोमन लिपी मिळाली. त्यातील एका भाषेची ती पुढे राष्ट्रीय लिपी झाली. दुसरीत ती रुजली नाही आणि त्या छापील ख्रिस्तपुराणाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत.

व्हिएतनाममध्ये या लिपीला, म्हणजे 'क्वोक न्गू' ला, सार्वत्रिक प्रसार मिळाला तो फ्रेंच राजवटीत. १८६५ मध्ये सायगॉन येथून या लिपीतील पहिले वृत्तपत्र 'झा दिन्ह बाओ' निघाले. १८७५ मध्ये चुओंग विन्ह की याने न्गुएन झू याच्या 'किएउ' या महाकाव्याचे रोमन लिप्यंतर प्रसिद्ध केले. हनोईत एफ. एच. श्नायडर या फ्रेंच मुद्रकाने मोठा छापखाना चालवला. १९१७ मध्ये इंडोचायनाचे अभिलेखागार व ग्रंथालय खाते स्थापन झाले, १९१९ मध्ये हुए येथे शेवटची राजकीय परीक्षा झाली आणि त्याच वर्षी हनोईचे मध्यवर्ती ग्रंथालय वाचकांना खुले झाले. १९२२ पासून छापील ग्रंथांच्या प्रती सरकारकडे जमा करण्याचा नियम आला.

या घटना लिपीच्या व शिक्षणाच्या इतिहासात नेहमी सांगितल्या जातात. ग्रंथ या वस्तूच्या दृष्टीने त्यांचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. यंत्रावर कागदाच्या दोन्ही बाजू छापल्या जाऊ लागल्या, कागदाच्या फर्म्यांची घडी पडू लागली, शिवण घडीतून जाऊ लागली. आवरण शिवणीबाहेर गेले. ते स्वतंत्र तयार करून नंतर गठ्ठ्यास बसवले जाऊ लागले. आणि ग्रंथ फळीवर उभा राहिला. युरोपीय पद्धतीच्या ग्रंथालयात ग्रंथ उभे ठेवतात, कण्यावरचे नाव वाचतात, वरच्या टोकाला बोट घालून ओढून काढतात. या प्रत्येक क्रियेचा ताण आवरण व गठ्ठा यांच्यामधील जागेवर पडतो. त्या जागेवर पहारेकरी उभा करावा लागला.

रचना व कार्य :

'बीअ कुंग', म्हणजे पक्क्या पुठ्ठ्याच्या ग्रंथात रक्षकपान कसे बसते, हे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. फर्मे शिवून झाल्यावर पहिल्या फर्म्याच्या घडीलगत तीन-चार मिलिमीटर रुंदीची खळीची पट्टी लावून त्यावर रक्षकपानाची घडी चिकटवतात. शेवटच्या फर्म्यास तसेच दुसरे. नंतर कण्याला सरस लावून त्यावर जाळीचे कापड बसवतात, ज्याच्या कडा दोन्ही बाजूंना बाहेर राहतात. शेवटी तयार आवरणात गठ्ठा ठेवून रक्षकपानाच्या बाहेरील अर्ध्या भागास खळ लावतात आणि तो भाग, कापडाची कड आत घेऊन, पुठ्ठ्यावर दाबून बसवतात. ग्रंथ वजनाखाली ठेवून वाळवला की काम पूर्ण होते.

म्हणजे वाळलेल्या ग्रंथात आवरण व गठ्ठा यांना जोडणारे दोनच दुवे असतात : जाळीचे कापड आणि रक्षकपान. एका साध्या हिशेबाने या दुव्याचे स्वरूप स्पष्ट होईल. व्हिएतनाममध्ये १४.५ गुणिले २०.५ सेंटिमीटर हा आकार फार प्रचलित आहे. या आकाराच्या चारशे पृष्ठांच्या ग्रंथासाठी ८० ग्रॅमचा कागद वापरला, तर गठ्ठ्याचे वजन सुमारे ४७५ ग्रॅम भरते. १२० ग्रॅमच्या कागदाची दोन्ही रक्षकपाने मिळून सुमारे १४ ग्रॅम भरतात. चौदा ग्रॅम कागद, तोही केवळ आपल्या घडीच्या रेषेवर, अर्ध्या शेराच्या आसपासचा भार वर्षानुवर्षे धरून ठेवतो.

यामुळे या कागदाची निवड ही केवळ शोभेची बाब राहत नाही. कागद लांब तंतूंचा आणि घडीवर न तुटणारा हवा. त्यातील तंतूंची दिशा कण्याला समांतर असली पाहिजे, ही अट तर सर्वांत महत्त्वाची आहे. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो व वाळताना त्याच दिशेने आक्रसतो. तंतू कण्याला समांतर असतील तर हा फुगवटा पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेकडे निघून जातो. ते आडवे असतील तर सांध्यालगत सुरकुत्या पडतात, पुठ्ठा वरून-खालून वाकतो आणि घडीही लवकर तडकते. पैसे वाचवण्यासाठी मोठ्या तावातून जास्तीत जास्त तुकडे काढताना ही अट सर्रास मोडली जाते.

रक्षकपानाचे आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. पुठ्ठ्याला बाहेरून कापड वा कागद चिकटवलेला असतो. तो वाळताना पुठ्ठ्याला बाहेर ओढतो. आतून चिकटलेले रक्षकपान त्यास आत ओढते. पुठ्ठा सपाट राहतो तो या दोन ओढींच्या समतोलामुळे. उत्तर व्हिएतनाममध्ये हिवाळा संपताना, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, समुद्रावरून येणारी उबदार दमट हवा थंड जमिनीवर येते आणि घरांच्या फरश्या व भिंती अक्षरशः घामेजतात. अशा हवेत आतील व बाहेरील कागद ओलावा सारख्याच प्रमाणात घेत नाहीत, समतोल बिघडतो, पुठ्ठे वाकतात. त्यातच खळ पिठाची असेल तर बुरशी व कसर यांना आयते अन्न मिळते, आणि ज्या पानाने पहारा द्यायचा त्याच पानावर चोर प्रथम चढतो. कयच्या रसाने माखलेल्या जुन्या आवरणाला ही अडचण नव्हती, हे मान्य करावे लागते. नवे तंत्र सर्वच बाबतींत सरस होते, असे समजण्याचे कारण नाही.

खळीच्या अरुंद पट्टीने चिकटवलेल्या रक्षकपानाचा एक अंगभूत दोषही आहे. आवरण जोराने उघडले की ताण पहिल्या फर्म्याच्या पहिल्या पानावर जातो. परिणामी रक्षकपान सुटताना ते पान घेऊनच सुटते. ग्रंथालयातील अनेक पुस्तकांचे शीर्षकपान गहाळ असण्यामागे वाचकांची बेफिकिरी हे एकच कारण नसते. पुष्कळदा तो या जोडणीचा दोष असतो. भारी बांधणीत म्हणूनच रक्षकपान चिकटवण्याऐवजी फर्म्याबरोबर शिवून घेतात. अलीकडे व्हिएतनाममध्ये संग्राहकांसाठी चामड्याच्या बांधणीच्या क्रमांकित आवृत्त्या निघतात. त्यांच्या वर्णनात रक्षकपानाच्या नक्षीचा उल्लेख आवर्जून असतो. नक्षी सुंदर असते यात वाद नाही. परंतु गुळगुळीत लेपाच्या जाड कागदावर छापलेली नक्षी घडीवरच प्रथम फुटते.

कोऱ्या पानावरील नोंदी :

रक्षकपान मजकुराने कोरे असते, इतिहासाने नव्हे. मालकाचे नाव, भेट देणाऱ्याचे शब्द, विक्रेत्याचे चिकटपत्र, ग्रंथालयाचा शिक्का, किंमत, जुना दाखल क्रमांक हे सारे याच पानावर येते. वसाहतकाळात ग्रंथ कोणाच्या हातून कोणाकडे गेला, युद्धांच्या काळात कोणता संग्रह कोठे हलला, याचे उत्तर छापील मजकुरात सापडत नाही. ते येथे सापडू शकते. युरोपात तर मध्ययुगीन बांधणीकारांनी रक्षकपान म्हणून वापरलेल्या टाकाऊ हस्तलिखितांच्या तुकड्यांतून हरवलेल्या ग्रंथांचे अंश हाती आले आहेत.

सर्वसाधारण ग्रंथालयीन पुनर्बांधणीत पहिला बळी जातो तो याच पानाचा. जुने आवरण फाडताना अर्धे पान पुठ्ठ्याबरोबर जाते, उरलेले अर्धे 'खराब' म्हणून कापले जाते आणि नवा पांढरा कागद लागतो. ग्रंथ मजबूत होतो, पण त्याचा प्रवास पुसला जातो. पुनर्बांधणीची निविदा काढताना पुठ्ठ्याची जाडी व कापडाचा रंग यांचा उल्लेख असतो. जुनी रक्षकपाने राखावीत, ही एक ओळ त्यात घालण्यास कोणताही खर्च नाही.

ज्या ग्रंथाचा गठ्ठा शाबूत आहे व केवळ सांधा फुटला आहे, त्यास पुनर्बांधणीची गरजही नसते. दुरुस्तीची पद्धत साधी आहे आणि व्हिएतनामच्या संदर्भात तिला एक विशेष अर्थ आहे. तेथील अभिलेखागारांत जीर्ण कागदपत्रांना मागून आधार देण्यासाठी देशी झो कागद वापरला जातो, कारण तो पातळ, लवचीक व दीर्घकाळ टिकणारा आहे. हाच कागद फ्रेंच नावाच्या पानाच्या तुटलेल्या घडीलाही चालतो. पंधरा-वीस मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून न घेता ओल्या रेषेवर फाडून घ्यावी, म्हणजे तिच्या कडांना तंतू सुटे राहतात व जोड उठून दिसत नाही. पातळ केलेल्या गव्हाच्या खळीने ती अर्धी पुठ्ठ्याच्या बाजूस व अर्धी मोकळ्या पानाच्या बाजूस, दोन्हीकडील तंतू कण्याला समांतर राहतील अशी बसवावी. मध्ये मेणकागद घालून ग्रंथ बंद करावा आणि मध्यम वजनाखाली रात्रभर ठेवावा. दमट हवेत दोन रात्री.